गच्चीवरून व्हिजिबिलिटी मोजा, मग अहमदाबादचा १९८८चा अपघात वाचा

विमान अपघाताच्या हकिगतीत ‘दृश्यमानता २००० मीटर’ असं छापलेलं असतं आणि वाचणारा तसाच पुढे जातो. मी नागपूरच्या विमानतळावर हवामान निरीक्षक होते. हा आकडा काढणं हेच काम असल्यामुळे माझं वाचन तिथेच थांबतं. दोन किलोमीटर म्हणजे किती दिसतं, हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय १९ ऑक्टोबर १९८८ची अहमदाबादची गोष्ट नीट उमगत नाही. म्हणून आधी गच्चीवर चला.

स्वच्छ दिवशी वर जा आणि लांबून ठळक दिसणाऱ्या पाच-सहा वस्तू निवडा: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, एखादी उंच इमारत. फोनवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते, ती वापरून प्रत्येकीचं अंतर वहीत लिहा. पहिल्या किलोमीटरात दोन-तीन खुणा हव्यात, मग दोन, अडीच आणि पाच किलोमीटरच्या आसपास एकेक. सगळ्या एकाच दिशेच्या नकोत. आमच्याकडे दक्षिणेला लख्ख आणि उत्तरेला काहीच नाही, अशा सकाळी सर्रास यायच्या.

वस्तू कशीही चालत नाही. ती काळपट हवी आणि तिच्यामागे आकाश हवं. किलोमीटरमागे निदान नऊ मीटर उंची धरा, म्हणजे दोन किलोमीटरवरची टाकी अठरा मीटर तरी उंच असावी. माझ्या गच्चीवरून दीक्षाभूमीचा घुमट झकास दिसतो, उंचीलाही पुरतो, पण या कामात तो नापास. पांढरा आहे ना! पांढुरक्या धुरकटात पांढरी वस्तू सगळ्यात आधी विरघळते. म्हणून मी त्याच्या अलीकडची एक गडद इमारत धरली आहे. घुमट नाहीसा झाल्यावरही ती बराच वेळ टिकते.

आता धुक्याची सकाळ गाठा. उजेडातल्या खोलीतून आलात तर डोळे सरावेपर्यंत थांबा. चष्मा असेल तर लावा, दुर्बीण मात्र नको. लांबची कुठली खूण *ओळखू* येते ते बघा. ‘तिथे काहीतरी आहे’ एवढं वाटणं धरायचं नाही. टाकी टाकी म्हणून कळली पाहिजे. ‘मला माहीत आहे तिथे टाकी आहे, म्हणून मला ती दिसते’ हा घोटाळा नव्या निरीक्षकांत हमखास व्हायचा. संशय आला तर अलीकडची खूण धरा. एक हजार मीटरच्या खाली आलं तरच आम्ही त्याला धुकं म्हणतो. त्यावर धूसर असेल आणि हवा कोरडी असेल तर ते धुरकट.

उजाडायच्या आधी अर्धा तास सुरू करा आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. ऊन आलं की सुधारेल, असं सगळे धरून चालतात. पण पुष्कळदा सूर्य उगवता उगवता हवा हलते आणि आकडा आणखी खाली येतो. ही घसरण एकदा वहीत उतरली की अहमदाबाद वाचायला घ्या.

इंडियन एअरलाइन्सचं ११३ क्रमांकाचं बोइंग ७३७ मुंबईहून वीस मिनिटं उशिरा, ६.०५ला सुटलं. वाटेत कळवलेली दृश्यमानता सहा किलोमीटरवरून तीनवर आली, मग २००० मीटरवर. अर्ध्या तासाच्या आतबाहेरची ही घसरण तुमच्या वहीतल्या पानासारखीच दिसेल. ६.५३ला विमान झाडांना आणि विजेच्या मनोऱ्याला धडकलं. आतल्या १३५ जणांपैकी १३३ गेले.

ते पडलं ती जागा धावपट्टी २३च्या टोकापासून सुमारे २५४० मीटरवर होती. दृश्यमानता २०००. वहीतली दोन किलोमीटरची खूण आणि अडीचची खूण आठवा: पहिली जेमतेम ओळखू येते तेव्हा दुसरीचा पत्ता नसतो. म्हणजे त्या जागेवरून धावपट्टी दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि दोघंही पायलट तीच शोधत होते. धावपट्टी दिसल्याशिवाय ५०० फुटांखाली यायचं नाही, अशी मर्यादा होती. चौकशीत दोघांनीही ठरलेली पद्धत पाळली नाही असा ठपका आला. उंचीचे जे आकडे एकाने मोठ्याने सांगायचे असतात, तेही सांगितले गेले नव्हते.

उंचीचा हिशोब तुम्हीही करू शकता. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर असतं, किलोमीटरमागे ५२ मीटर. धावपट्टीचं टोक ओलांडताना ते पंधराएक मीटरवर असतं. अडीच किलोमीटर अलीकडे ही बेरीज दीडशे मीटरच्या जवळ जाते, म्हणजे जमिनीपासून पावणेपाचशे फुटांच्या पुढे. तिथे झाडही लागत नाही, मनोराही नाही.

आणखी एक: तुमची वही आडवी नजर मोजते, पायलट तिरपं बघतो. धुरकटाचा थर जमिनीलगत दाट असला की वरून सरळ खाली रस्तेसुद्धा दिसतात, पण उतरताना नजरेला तोच थर लांबवर कापत जावं लागतं. कळवलेले २००० मीटर कॉकपिटातून पुरे २००० मिळतीलच असं नाही.

याच जातीचा दुसरा अपघात हवा असेल तर दिल्लीचा पालम विमानतळ, ३१ मे १९७३. मद्रासहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचंच ७३७ धावपट्टी न दिसताच किमान उंचीच्या खाली आलं आणि उच्च दाबाच्या तारांना धडकलं. ६५ पैकी ४८ गेले, त्यांत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम होते. तिथे मात्र धुळीचं वादळ होतं, आणि धुळीत आकडा मिनिटागणिक पलटतो. तसा सराव करायचा तर वळवाच्या संध्याकाळी दर मिनिटाला नोंद घ्या, आणि विजा चमकत असतील तर गच्ची सोडून खिडकीतून घ्या.