ठिपके गेले, रोग गेलाच नव्हता

न्यू जर्सीच्या घरात आम्ही खाऱ्या पाण्याची टाकी बसवली, तेव्हा आई मालवणहून आलेली होती. पिवळ्या टँग माशाकडे बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो मासो खाऊचो की नुसतो बघूचो?" त्याची किंमत मी तिला अजून सांगितलेली नाही. रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे यांची टाकी, सुरू करू पाहणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षातल्या माझ्या चुका लिहून ठेवतोय.

टाकी ६० गॅलनची, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास. पहिले सहा आठवडे तिच्यात फक्त दगड, खारं पाणी आणि बाटलीतून थेंब-थेंब टाकलेला अमोनिया. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसेपर्यंत मासा आणायचा नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जहाल. एवढा धीर मी धरला होता.

चुकलो ते बाष्पीभवनात. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते आणि पाणी रोज उतरतं. मी ते मिठाच्या पाण्यानं भरत राहिलो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे शाळेत शिकलो होतो तरी! विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५-१.०२६ हवं, ते १.०२९ वर गेलं आणि प्रवाळांनी तोंडं मिटली. उडालेल्या पाण्याची भर आरओ-डीआय फिल्टरमधून क्षार काढलेल्या गोड्या पाण्यानंच घालायची. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, प्रमाण द्रावणानं जुळवून घ्या. क्षारतेचा (अल्कलिनिटीचा, खारेपणाचा नव्हे) आकडा ८ असो की ९ डीकेएच (हे तिचं एकक), एकदा ठरला की तिथंच राहू द्या. प्रवाळांना चढउतार सोसत नाहीत.

आता दुसरी चूक, जी जास्त महाग पडली. दुकानात टँग छान खात होता, म्हणून आधी वेगळ्या टाकीत न ठेवता थेट मोठ्या टाकीत सोडला. पाचव्या दिवशी अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके. कोणीतरी लसूण सुचवला; खाद्याला लसणाचा रस लावला, आणि चार दिवसांत ठिपके गायब. मी बायकोला विजयी मुद्रेनं टाकी दाखवली. आठवड्याभरानं ठिपके परत आले, या वेळी सगळ्या माशांवर.

लसणानं काही केलं नव्हतं. हा रोग म्हणजे इक. तो आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या अंगावर साधारण ३ ते ७ दिवसच राहतो. मग आपणहून गळून पडतो, वाळूत नाहीतर दगडावर कवच करून बसतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. ठिपके नाहीसे झाले तेव्हा रोग तळाशी वाढत होता.

तांब्याचं औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. तेच तांबं कोळंबी, शंख आणि प्रवाळांनाही मारतं, म्हणून ते मोठ्या टाकीत कधीच घालायचं नाही. सगळे दगड उपसून मासे पकडले (प्रवाळ गोंदानं चिकटवून बसलेल्यांना या वाक्यातलं दुःख कळेल) आणि २० गॅलनच्या वेगळ्या टाकीत ठेवले. तिथं वाळू-दगड नको, ते तांबं शोषतात. लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे पुरतात. चिलेटेड (दुसऱ्या रेणूनं बांधलेलं) तांबं दोन-तीन दिवसांत हळूहळू २ ते २.५ पीपीएमवर (दशलक्ष भागांत तेवढे भाग) नेऊन ३० दिवस तिथंच ठेवायचं, मोजायला डिजिटल मीटर. पाणी बदलताना नव्या पाण्यात आधीच तेवढं तांबं मिसळा. अमोनिया बांधणारं द्रव्य मात्र तांब्यासोबत वापरू नका, मासे दगावतात. माझ्या त्या टाकीत जिवाणू वसलेला स्पंज नव्हता, अमोनिया चढला आणि रॉयल ग्रामा हा मासा गेला. रोगानं नव्हे, माझ्या उपचारानं. तेव्हापासून एक जादा स्पंज सम्पमध्ये (मोठ्या टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) कायम पडलेला असतो.

मोठी टाकी ७६ दिवस माशांविना. यजमान न मिळता परजीवी संपायला एवढा वेळ द्यावा लागतो.

प्रत्येक ठिपका मात्र इकचा नसतो. बारीक धुळीसारखा थर, धापा, पंपाच्या प्रवाहात तोंड धरून राहणं, ही वेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाची लक्षणं. तिथं वाट बघायला दोन दिवससुद्धा नसतात. क्लाउनफिशच्या अंगावर जाड बुळबुळीत थर आला तर ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी असू शकतो, त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिन लागतं.

भारतातल्या वाचकांनी माझ्या टाकीची नक्कल करू नये. तिथं रीफ बांधणारी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत.

सध्या नवा ग्रामा वेगळ्या टाकीत आहे, आज एकोणिसावा दिवस. आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारते, "अजून तुरुंगातच आसा तो?"