कूलरच्या घरघरीत हेडफोन पारखताना

नागपुरात एप्रिल लागला की घरोघरी खिडकीला कूलर बसतो आणि चांगला पाऊस पडेपर्यंत त्याची घरघर थांबत नाही. आमच्या प्रतापनगरच्या घरी मागच्या खोलीत कूलर, पुढच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, आणि गाणं ऐकायला मला मिळते ती रात्री दहानंतरची वेळ. म्हणून मला हेडफोन लागतो तो मागून बंद कपांचाच. उघड्या कपांचा हेडफोन कानाला मोकळा वाटतो हे खरं, पण त्यातून कूलर आत येतो आणि गाणं बाहेर जातं. वायरचा अशासाठी, की तेवढ्याच पैशांत बॅटरी आणि ब्लूटूथचा खर्च वाचतो, आणि बॅटरी मेली म्हणून चांगला हेडफोन टाकून द्यावा लागत नाही. माझं बजेट दोन ते सहा हजारांचं. या पैशांत चांगलं ऐकू येतं, पण निवडून घ्यावं लागतं.

माझा पहिला हेडफोन मी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका दुकानात दोन मिनिटांत घेतला. काउंटरवरच्या भाऊंनी त्यांच्या फोनवर एक ढोलाचं गाणं लावलं. "ताई, बास पाहा ना, कसा दणकून राहिला!" खरंच दणकत होता. घरी येऊन तानपुरा लावला आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या, तारेने बाकीच्या तिन्ही तारा गिळल्या. पंचम, म्हणजे 'प'ची तार, शोधावा लागत होता. तेव्हापासून दुकानात मी आवाज पारखत नाही, फक्त हेडफोन डोक्यावर कसा बसतो ते पाहते. आवाजाची परीक्षा घरी, माझ्या खोलीत, माझ्या गाण्यांवर.

बसण्याला इतकं महत्त्व का, तर बंद हेडफोनचा खालचा आवाज कप कानाभोवती किती घट्ट टेकतो यावरच उभा असतो. कुठे फट राहिली की खर्ज तिथून गळून जातो आणि आपण कंपनीला दोष देत बसतो. मला चष्मा आहे. जाड प्लास्टिकच्या काडीने कप उचलला जातो, बारीक धातूच्या काडीने फार कमी. दुकानात जाताना मी रोजचाच चष्मा घालते, कुड्या काढून पर्समध्ये ठेवते आणि केसांचा क्लचर सोडते, कारण घरीही तसंच ऐकणार असते. मग दोन्ही तळवे कपांवर ठेवून हलकेच दाबायचं. दाबल्यावर बास एकदम वाढला तर न दाबता तो गळत होता. दुसरी खूण म्हणजे तोंड उघडून मिटायचं, मान डावी-उजवी करायची. दर वेळी आवाज बदलत असेल तर कानाच्या पाळीमागे, जबड्यापाशी पॅड टेकत नाहीये. भाऊंना मी सरळ सांगते, "भाऊ, दहा मिनिटं घालून बसते." "बसा ना ताई, काही घाई नाही," म्हणतात. दहा मिनिटांत कानशिलं दुखू लागली तर तो हेडफोन तिथेच परत. कानाची पाळ आत मावते की पॅडखाली चिरडते, हेही तेव्हाच कळतं.

घरी आणल्यावर पहिलं काम आवाजाची पातळी जुळवायचं. जुना आणि नवा हेडफोन शेजारी ठेवून ऐकताना जो थोडा मोठा वाजतो तो कानाला हटकून चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. मी तानपुऱ्याचं एकच रेकॉर्डिंग दोन्हींवर लावते, दोन्ही सारखे वाटेपर्यंत आवाज कमीजास्त करते आणि ते आकडे कागदावर लिहून ठेवते. एवढं केल्याशिवाय केलेली तुलना मी धरत नाही.

आता तानपुरा, कारण माझ्यासाठी सगळी परीक्षा तिथेच आहे. सिव्हिल लाईन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात मी मैफली ऐकते, पण तिथेही आवाज माइकमधूनच येतो. म्हणून कसोटीला मी माझ्या गाण्याच्या बाईंच्या घरचा तानपुरा धरते, जो सहा वर्षं माझ्या कानाशी वाजला आहे. माझी पट्टी काळी चार, म्हणजे माझा 'सा' पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. म्हणजे जोडीच्या, मधल्या 'सा'च्या दोन तारा सुमारे २०८ हर्ट्झवर (सेकंदाला २०८ कंपनं) आणि खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास. स्वस्त बंद हेडफोन नेमके १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात फुगतात, म्हणजे खर्ज आणि जोड दोन्ही त्या फुगवट्यात सापडतात. चांगल्या हेडफोनवर खर्ज छेडला की तो येतो, पसरतो आणि त्याच्या अंगावर जवारीची, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी, बारीक झणझण वर चढत जाते. पुढचा पंचम छेडला जातो तेव्हा खर्ज अजून विरत असतो, पण वाट अडवत नाही. वाईट हेडफोनवर खर्ज घुमतो, माठात बोलल्यासारखा, आणि जवारी पत्र्यासारखी वाजते. डोळे मिटून चार तारा बोटांवर मोजायच्या. चारही वेगळ्या मोजता आल्या की पुढे जायचं.

गाणं न शिकलेल्यांना मी याहून सोपी परीक्षा सांगते. घरातल्या माणसाचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. माझ्याकडे आईने सांगितलेली सांबारवडीची कृती आहे, दीड मिनिटाची, मागे कढईचा आवाज. आईचा आवाज मला चाळीस वर्षांपासून पाठ आहे. हेडफोनवर ती सर्दी झाल्यासारखी वाटली तर मधला पट्टा दबलेला आहे. तिचे 'स' आणि 'श' टोचले तर ५,००० ते ८,००० हर्ट्झच्या आसपास जास्तीची धार आहे, आणि असा हेडफोन अर्ध्या तासात कान थकवतो. इथे कोणत्याही तज्ज्ञाच्या कानाची गरज नाही.

तबल्यात डग्गा ऐका. मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे सुराची सलग घसर, वर सरकताना ऐकू यायला हवी. सगळे बोल एकसारखे 'धप' वाटत असतील तर बास भरपूर आहे, पण त्याला सूर नाही. भजनातले टाळ 'खण' करून विरायला हवेत. 'चर्र' करत राहिले तर वरचा पट्टा खरबरीत आहे.

दोष शोधायला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सूर लावा, आवाज अगदी हळू ठेवून. खाली ३०-४० हर्ट्झला एका बाजूने फरफर आली तर घाबरू नका, आधी कपात पाहा. पॅडच्या आत जाळीवर पडलेला आपलाच केस असू शकतो. मी एकदा त्यापायी हेडफोन परत करायला निघाले होते. मग एकाच माणसाचा मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच येणारा, आवाज लावा. तो कपाळाच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकला तर हेडफोन उलटा घाला. सरकणंही बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनचा किंवा फोनचा. तिथेच राहिलं तर आपल्या कानाचा.

यानंतर कूलर फुल स्पीडवर लावायचा. बंद कप पाण्याची टपटप आणि हवेची सळसळ चांगली अडवतात, मोटरची खालची घूं मात्र बरीचशी आत येतेच. कोणत्याही साध्या बंद हेडफोनची ही मर्यादा आहे. पाहायचं ते एवढंच, की कूलर लावल्यावर आवाज किती वाढवावासा वाटतो. मी एक पायरी चालवून घेते. तीन-चार पायऱ्या लागल्या तर तो हेडफोन माझ्या उन्हाळ्याचा नाही, मग तानपुरा कितीही गोड वाजो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी धरलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची आहे, आणि आवाज ३ डेसिबल वाढला की ती वेळ निम्मी होते.

आणि घाम. ४५ अंशांच्या शहरात रेक्झिनचे पॅड कानाला चिकटतात आणि घाम व केसांच्या तेलाने दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडतात. माझे सुटले तेव्हा काळे कण गालाला लागत होते आणि त्या मॉडेलचे पॅड कुठेच मिळेनात. सगळा हेडफोन वाया गेला. आता हेडफोन घेण्याआधी मी त्याचे सुटे पॅड मिळतात का ते पाहते. मखमली पॅड गार वाटतात, पण त्यांनी हवा गळते, म्हणजे बास आणि बाहेरचा आवाज अडवणं दोन्ही कमी होतं. मी रेक्झिनच ठेवते आणि ऐकून झालं की सुती फडक्याने पुसते. ओल्या हवेपासून फोम जपायचा, म्हणून कूलरच्या झोतासमोर टांगायचा नाही.

वायर पिनपाशी तुटते. मंद गाणं लावून पिनेजवळ वायर हळूच हलवा. खरखर आली तर लगेच बदलून घ्या. सुटी होणारी वायर असेल तर उत्तम. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्सची वायर ३ मीटरची आणि कायमची जोडलेली असते, एम४०एक्सची काढता येते. स्टुडिओत ३ मीटर लागतात, पलंगावर नाही. मी जास्तीची वायर गुंडाळून कापडी पट्टीने बांधते, नाहीतर कूलरच्या ट्रॉलीच्या चाकात जाते.

खोक्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. '५ ते ४०,००० हर्ट्झ' याला काही अर्थ नाही, किती डेसिबलच्या फरकात ते लिहिलेलं नसतं. ओहम (हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) आणि सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर तो किती मोठा वाजतो) मात्र एकत्र वाचा. एम२०एक्सचे ४७ ओहम आणि ९६ डेसिबल साध्या फोनला पुरतात. सोनीच्या एमडीआर-७५०६चे ६३ ओहमही पुरतात. बेयरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची २५० ओहमची आवृत्ती फोनवर हळू वाजते. तुमच्या फोनला गोल छिद्र नसेल तर चार्जिंगच्या छिद्रात लावायचा, आत चिप असलेला डोंगल (जोड) घ्या; चिप नसलेले अगदी स्वस्त डोंगल बऱ्याच फोनवर वाजतच नाहीत.

थोडा फुगलेला बास फोनच्या इक्वलायझरमध्ये (आवाजाचे पट्टे कमीजास्त करायची सोय) १५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल उतरवून मी चालवून घेते. गळणारा कप, टोचणारा 'स' आणि दुखणारं कानशील चालवून घेत नाही. बिलावर बदलून द्यायची मुदत सात दिवसांची असेल तर पाचव्या रात्री निकाल. चष्मा लावून, कूलर चालू ठेवून तासभर ऐकते. त्या तासात हात एकदाही कपाकडे गेला नाही, तर सकाळी खोकं माळ्यावर जातं.