माझा अनुभव: आत्याच्या मागे राहिलेली वाटणी
आत्या मृत्युपत्र न करताच गेली. मागे वारस म्हणून आम्ही चार भाचरं. पहिला महिना घराच्या किमतीवर भांडण्यात गेला. तिच्या डोक्यावर कर्ज किती, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मग मी कपाटातले सगळे कागद जमिनीवर मांडले, वहीत एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला देणं लिहिलं. आधी देणी फेडायची, उरेल ते वाटायचं. हिस्से कायदा ठरवतो, सेवा कुणी किती केली त्यावर नाही. (धाकट्याला हे अजून पटलेलं नाही.)

पैशांचं सरळ झालं. अडलं शिलाई मशीनवर. शेवटी चिठ्ठ्या टाकून क्रम लावला, आळीपाळीने एकेक वस्तू उचलली, दर फेरीला वहीत सह्या. मशीन बहिणीला गेलं. त्याच्या खणातलं अंगुस्तान मी मागून घेतलं.