ठळक भौमितिक टाइपफेस वापरताना या चुका टाळा

जुन्या यंत्रावरच्या धातूच्या पाटीची किंवा पहिल्या संगणकांच्या पडद्याची आठवण करून देणारी जाड, चौकोनी घाटाची अक्षरे मथळ्याला विलक्षण ठामपणा देतात. हा टाइपफेस, म्हणजे अक्षरांची ही घडण, बिघडते ती बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा बुजते तिथे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे याच अक्षरांत मजकुराचे परिच्छेद लावणे. या घराण्यातला मायक्रोग्रामा 1952 मध्ये आला तेव्हा त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. स्मॉल अक्षरे टाइप डिझायनर आल्दो नोव्हारेझे यांनी 1962 मध्ये युरोस्टाइल या त्याच धर्तीच्या पुढच्या टाइपफेसमध्ये दिली. परिच्छेद या अक्षरांत का बिघडतात ते समजण्यासाठी रोमन लिपीतला स्मॉल ‘ई’ जवळून पाहावा. त्याला एकावर एक तीन आडव्या रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा लागतात. अक्षराची उंची 7 पिक्सेल आणि प्रत्येक रेषा 2 पिक्सेल जाड असेल, तर दोन्ही जागांना मिळून एकच पिक्सेल उरतो आणि अक्षराचा ठिपका होतो. मजकुरासाठी साधा, हलका फॉन्ट घ्यावा. तिथे हट्ट करू नये.

वेबपानावर मथळा अपेक्षेपेक्षा सुजलेला दिसत असेल, तर दोष टाइपफेसचा नसून कृत्रिम बोल्डचा असण्याची शक्यता मोठी असते. ठळक फॉन्टची एकच फाइल जोडून तिचे वजन (अक्षरांच्या जाडीचा आकडा) 400, म्हणजे साधे, असे नोंदवले आणि मथळ्याचे वजन 700, म्हणजे बोल्ड, राहिले, की ब्राउझर आधीच जाड असलेल्या अक्षरांवर स्वतःची जाडी चढवतो. फाइलचे खरे वजन नोंदवले की पोटे पुन्हा मोकळी होतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराला बाह्यरेषा दिल्यावरही हेच घडते, कारण ती रेषा सहसा निम्मी आत सरकते. ती बाहेरच्या बाजूला लावावी.

जागा भरण्यासाठी अक्षरे आडवी ताणणे मला अक्षम्य वाटते. उभ्या रेषा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि गोल केलेले कोपरे लांबट होतात. रुंद अक्षरे हवी असतील तर त्याच कुटुंबातला एक्स्टेंडेड प्रकार निवडावा.

मॉडेल क्रमांक लिहिताना शून्य आणि ‘ओ’ एकसारखे दिसतात, म्हणून फॉन्टमध्ये तिरपी रेघ असलेले शून्य आहे का ते आधी तपासावे.

लोगो करताना मात्र एक ‘दुरुस्ती’ कटाक्षाने टाळावी. मोठे करून पाहिल्यावर गोलाकार ‘ओ’ शेजारच्या ‘एच’पेक्षा वर आणि खाली किंचित बाहेर गेलेला दिसतो, आणि तो छाटून पट्टीत बसवण्याचा मोह होतो. हा फरक डोळ्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. तो छाटला की मापाने बरोबर असलेला ‘ओ’ ओळीत लहान दिसू लागतो.