खायच्या सोड्याची उकड काढा आणि ख्रिसमस ट्रीसाठी पांढरेशुभ्र ऑर्नामेंट्स बनवा

डिसेंबर लागला की क्रॉफर्ड मार्केटला नाहीतर वांद्र्याच्या हिल रोडला जाऊन चकचकीत गोळ्यांची पाकिटं आणायची, हे मीही बरीच वर्षं केलं. लाल, सोनेरी, हिरवा, निळा सगळं एकाच झाडावर, वर परत चमकी, आणि ती चमकी होळीपर्यंत सोफ्यात सापडत राहते. आता माझ्या झाडावर फक्त पांढरे ठसेवाले चकते असतात, पानांचे, लेसचे. येणारा प्रत्येक जण कुठून आणले विचारतो. सामान सगळं किराणा दुकानातलं आणि हत्यारं सगळी करंजी-शंकरपाळ्यांची.

झाडावर खाण्याचे पदार्थ लटकवायची पद्धत तशी जुनीच. १६०५ सालच्या स्ट्रासबुर्गमधल्या ख्रिसमस ट्रीच्या नोंदीत रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, वेफर आणि साखर यांचा उल्लेख आहे. दक्षिण जर्मनीत श्प्रिंगरले नावाची पांढरी बिस्किटं करतात, कोरीव लाकडी साच्याने वर चित्र उठवतात, तीही काही लोक झाडाला टांगायचे. आपलं हे त्याचंच न खायचं भावंड समजा.

लागतं काय तर १ वाटी खायचा सोडा, अर्धी वाटी कॉर्नफ्लोर आणि पाऊण वाटी पाणी. यात साधारण पंधरा चकते होतात. वाण्याकडे पाव किलो सोडा मागितला की तो विचारणारच, ढोकळ्याची ऑर्डर आहे का म्हणून. सोडा खायचाच हवा, धुण्याचा नको, आणि बेकिंग पावडर तर अजिबात नको. मी पहिल्या वर्षी घाईघाईत बेकिंग पावडरचा डबा उपडा केला. तिच्यात आंबट पदार्थ आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे पाणी पडल्या पडल्या सगळं फसफसून वर आलं आणि ते पातेलं घासताना माझा ख्रिसमस तिथेच झाला. कॉर्नफ्लोर म्हणजे सूपला लावतो ते पांढरं, मक्याचं पिवळं पीठ नाही.

आता मैदा-मिठाच्या कणकेचेही करतात की, असं कोणी म्हणेल. करतात, पण त्याचा रंग पिवळट येतो आणि मुंबई-ठाण्याच्या हवेत मीठ ओल धरतं, चार दिवसांत चकते मऊ पडायला लागतात. सोड्याचे पांढरे होतात आणि स्पर्शही गुळगुळीत, थेट चिनीमातीसारखा.

तिन्ही गोष्टी जाड बुडाच्या पातेल्यात आधी थंडच असताना नीट कालवून घ्या, गुठळ्या मोडा, मग मंद ते मध्यम गॅसवर ठेवा आणि ढवळत राहा, फोन आला तरी ढवळत राहा. सुरुवातीला दुधासारखं पातळ दिसतं आणि वाटतं हे काही जमत नाही, मग बुडाशी गठ्ठे धरायला लागतात आणि त्यानंतर एकदम मिनिटभरात सगळं आवळून येतं. मोदकाची उकड जशी पातेल्याच्या कडा सोडते तसं झालं की लगेच गॅस बंद. गोळा दिसायला कुस्करलेल्या बटाट्यासारखा, किंचित ओलसर हवा. अजून जरा होऊ दे म्हणालात की कोरडा पडतो आणि लाटताना कडा फाटतात. ताटलीत काढून वर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं टाका आणि कोमट झाल्यावर तळव्याने चांगला मळा. उकडीला मळतो तितकंच मन लावून.

लाटायला पोळपाटावर प्लॅस्टिकचा कागद पसरा, गोळ्यावर दुसरा कागद, मग लाटणं. जाडी ४-५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीची एकेक पट्टी ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवलं की सगळीकडे सारखं येतं. लागेल तेवढाच गोळा घ्या, बाकीचा फडक्याखालीच राहू दे.

आता ठसे, आणि खरी मजा इथेच आहे. फर्नचं पान किंवा शेवग्याची छोटी डहाळी घ्या आणि पान उलटं ठेवा, कारण शिरा मागच्या बाजूला उठावदार असतात. वरून लाटणं एकदाच, न थांबता फिरवा. दोनदा फिरवलंत की ठसा दुहेरी येतो. मग देठाला नखाने उचलून पान अलगद सोलून काढा, खाली शीर न् शीर उमटलेली असते, अगदी कडेची बारीक करवतसुद्धा. आजीचा क्रोशाचा रुमाल असेल तर तोही असाच दाबा. पेढ्याचा साचा चालतो. गोव्याकडे नाताळची तळलेली गोड कुळकुळं वळायला काटा किंवा नवा कोरा कंगवा वापरतात, त्याच कंगव्याच्या रेघा चकत्याच्या अर्ध्या भागावर उठवल्या तर फार छान दिसतात, अर्धा कोराच सोडा.

ठसा आधी, कापणं नंतर. आधी कापलंत तर दाबताना गोल पसरून लंबगोल होतो. वाटी, डब्याचं झाकण काहीही चालेल, आणि काहींना करंजीच्या कातण्याने नागमोडी कड द्या. दोऱ्यासाठी भोक स्ट्रॉने पाडा, कडेपासून सेंटीमीटरभर आत. वाळताना भोक थोडं आवळतं म्हणून स्ट्रॉ जाडसर घ्या.

वाळवायला ओव्हन लागत नाही. जास्त तापला तर सोड्यातून गॅस सुटतो, चकत्यांवर फोड येतात आणि रंग पिवळट होतो. जाळीवर पंख्याच्या थेट वाऱ्यापासून लांब ठेवा, दीड-दोन दिवस, दर पाच-सहा तासांनी उलटा. थेट वाऱ्यात वरची बाजू आधी सुकते आणि पापडासारखी कड उचलते. उचलायला लागलीच तर अर्धवट ओलं असतानाच दोन कागदांमध्ये ठेवून वर वही ठेवा. पूर्ण वाळल्यावर कडेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा (पावडर उडते, गॅलरीत करा).

रंगाचा मोह आवरा. फार तर पातळ कॉफीचं पाणी ठशावर फिरवून ओल्या बोळ्याने लगेच पुसून घ्यायचं, शिरांमध्ये तपकिरी राहतं आणि बाकी पांढरं. किंवा कडेला बोटाने सोनेरी ॲक्रिलिक, एकच हात, बस. कॉफी पूर्ण सुकली की मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, मागूनही, नाहीतर मागून ओल शिरते.

दोरा सुतळीचा किंवा अरुंद लाल फितीचा. प्लॅस्टिकच्या झाडाच्या टोकाला टांगलं तर फांदी वाकते, म्हणून खोडाच्या जवळ टांगा. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते अरौकेरिया असेल तर उत्तमच, त्याच्या फांद्या आडव्या आणि विरळ असतात, चकता मोकळा लोंबतो. खालच्या फांद्या मात्र रिकाम्या ठेवा, घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर नक्कीच. वास बिस्किटासारखा नसला तरी तोंडात जातोच, आणि इतका सोडा पोटात जाणं दोघांनाही धोक्याचं.

जानेवारीत उतरवले की एकेक टिश्यूत गुंडाळून डब्यात उभे ठेवा, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या दोन-चार टाका, आणि जून यायच्या आत डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी मारा.