बाटली बदलली, औषध तेच: मेंढ्यांच्या जंतांबाबत या चुका टाळा

पावसाळ्यात संध्याकाळी कळप वाड्यावर परतला की एखाद्या मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसते. सकाळपर्यंत ती ओसरते, म्हणून दुर्लक्ष होतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यामुळे पाणी तिथे उतरतं, पण मूळ दुखणं रक्त आटल्याचं असतं. बहुतेक वेळा त्यामागे हिमोंकस हा जंत असतो. तो मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो आणि त्याची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते.

"औषध तर महिन्यापूर्वीच पाजलंय," असं मेंढपाळ सांगतो, आणि ते खरंच असतं. औषध पोटात गेलं, पण जंत मेले नाहीत.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. गेल्या वर्षी एका कंपनीचं घेतलं, यंदा दुसरीचं, म्हणजे औषध बदललं असं वाटतं. लेबलावरची बारीक अक्षरं वाचा. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली आहेत. एकाला सरावलेला जंत सहसा दुसऱ्यालाही दाद देत नाही. लेव्हामिझोल, आयव्हरमेक्टिन, क्लोसान्टेल ही घराणी वेगळी. त्यातलं तुमच्या कळपात कोणतं चालतं, हे लेंड्यांच्या तपासणीतूनच कळतं. औषध पाजायच्या दिवशी 10-15 मेंढ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घ्या, 14 दिवसांनी पुन्हा घ्या आणि पशुवैद्यकाकडून अंडी मोजून घ्या. घट 95 टक्क्यांहून कमी असेल, तर ते औषध तुमच्याकडे निकामी होत चाललंय.

दुसरी चूक अंदाजाने पाजण्याची. अडीच टक्क्यांच्या अल्बेंडाझोलच्या 1 मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं. किलोमागे साडेसात मिलिग्रॅम धरलं, तर 30 किलोच्या मेंढीला 9 मिली लागतं आणि 40 किलोच्या नराला 12. सगळ्यांना सरसकट 6 मिली दिलं की चिवट जंत तेवढे वाचतात. काट्यावर वजन करा आणि गाभण मेंढ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, कारण सुरुवातीच्या महिन्यात अल्बेंडाझोल गर्भाला घातक ठरू शकतं. कळपात शेळ्या असतील तर त्यांचा डोस वेगळा असतो. त्यांच्या शरीरातून औषध लवकर निघून जातं.

मग सगळ्या कळपाला एकदम पाजून लगेच नव्या कुरणात सोडायचं, ही सवय. तिथे औषध पचवलेल्या जंतांचीच पिलावळ पडते. त्यापेक्षा अंगठ्याने डोळा हलकेच दाबून खालची पापणी ओढा. आतला पडदा लालभडक असेल तर ती मेंढी सोडून द्या. पांढुरका असेल तर तिला पाजा. यासाठी दक्षिण आफ्रिकेत फमाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड तयार झालं. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी तपासा, कोकरं आणि दुभत्या मेंढ्यांवर जास्त लक्ष ठेवा. सुदृढ मेंढ्यांच्या पोटातले जंत औषधाविना राहिले तर चिवट जंतांची संख्या एकट्याने वाढत नाही. मात्र यकृतातल्या चपट्या जंतांनीही पापणी पांढरी पडते, तेव्हा ओढ्याकाठी चरणाऱ्या कळपाची तपासणी टाळू नका.

आणि लोणंदच्या बाजारातून आणलेला नर थेट कळपात सोडू नका. त्याच्या पोटात कुठल्या औषधाला न दबणारे जंत आहेत, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. दोन आठवडे वेगळा बांधा, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पाजा, लेंड्या तपासा आणि मगच सोडा.