गटाने गोधडी शिवायला बसण्यापूर्वी

विदर्भातल्या खेड्यांत कापसाचा शेवटचा वेचा आटोपला आणि तूर घरात आली, की बायांना दुपारचा थोडा निवांतपणा मिळतो आणि जुन्या लुगड्यांचे गाठोडे सोडले जाते. एकटीचा सगळा उन्हाळा खाणारी गोधडी आठ-दहा जणींच्या हातांनी बरीच लवकर पुरी होते. मात्र गटात बसायचे तर आपला टाका किती देखणा आहे यापेक्षा आपले माप इतरांच्या मापाशी किती जुळते, हे आधी पाहावे लागते.

म्हणून पहिल्या बैठकीत कात्रीला हात न लावता केवळ माप ठरवावे. पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडीसाठी शिवून झाल्यावर 12 इंच भरणारे 30 चौकोन लागतात, म्हणजे दहा जणी असल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला तीन येतात. चारी बाजूंना शिवणीत जाणारी अर्धा इंच माया धरून कापताना चौकोन 13 इंचांचा घ्यावा. पुठ्ठ्याचा एकच साचा करून तो घरोघर फिरवावा. प्रत्येकीने आपापल्या टेपने मोजू नये, कारण जुन्या टेपा ताणलेल्या असतात आणि प्रत्येक चौकोनात पाव इंचाचा फरक पडला तरी सहा चौकोनांच्या ओळीत दीड इंचाची तफावत येते.

कापड सुतीच घ्यावे. टेरिकॉटच्या किंवा नायलॉनच्या साडीचा तुकडा सुईखाली सरकतो, घाम शोषत नाही आणि शेजारच्या सुती कापडाशी त्याचा ताण जुळत नाही. नवे कापड असेल तर ते आधी भिजवून वाळवावे आणि ओले असतानाच त्यावर पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहावे. आमच्या पहिल्या गोधडीत मी लाल कापडाचा तुकडा तसाच लावला होता. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या चौकोनात उतरला, आणि तो चौकोन एका काकूंनी आपल्या गेलेल्या सासूबाईंच्या लुगड्यातून कापलेला होता. त्यांनी शब्दही काढला नाही, पण मला ते अजून सलते.

चौकोन जोडून झाले की खरे एकत्र काम सुरू होते. सकाळी ऊन चढण्याआधी सपरीत किंवा कडुनिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरून तिच्यावर अस्तराचे लुगडे पसरावे, त्यावर भरीसाठी जुन्या लुगड्यांचे दोन-तीन थर घालावेत आणि सर्वांत वर जोडलेले चौकोन ठेवावेत. चौघींनी चार कोपरे धरून एकाच वेळी सारखे ताणावे, तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या काढाव्यात आणि कोपऱ्यांवर दगड ठेवून, मध्यापासून कडेकडे जात कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवणारे तात्पुरते लांब टाके, घालावा. इथे घाई केली, तर पुढे कितीही सुबक धावदोरा घातला तरी मध्ये फुगा राहतो आणि तो निघता निघत नाही.

पक्का धावदोरा घालताना टाका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि दोन ओळींतले अंतर दोन बोटांचे ठेवावे. दोरा हातभरच ओवावा, कारण लांब दोरा गुंततो. गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी. कोणाचा टाका घट्ट पडतो, कोणाचा सैल. एक बाजू आकसू लागली तर त्या बाईला तिथेच, तिच्यासमोर सांगावे. ती शेतावर गेल्यावर तिचा दोरा उसवून नव्याने घालणे मला मुळीच पटत नाही, आणि असे झालेले गट फुटलेले मी पाहिले आहेत.

गोधडी कोणाकडे जाणार, हे शिवण सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा, आणि गटात कोणी बाळंतपणाला आलेली लेक असेल तर पहिली चिठ्ठी न टाकता तिच्या नावाने धरावी.